सायकल घेणे आहे!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे माझं मराठी जरा 'आऊट' आहे. (आऊट म्हणजे काय ते पुढे कळेलच.) आमच्या शाळेत मराठी बोललं की एका वाक्याला एक रुपया दंड होता, त्या हिशोबाने हा लेख मला बराच महागात पडला असता! मराठी विभागाच्या एडिटरने "काहीही लिही, पण दोन दिवसांत दे" असं फर्मान काढल्यावर मी घाबरत विचारलं, "सायकलवर लिहू का?" तो म्हणाला, "सायकलवर बसून लिहिलंस तरी चालेल." म्हणून हा प्रपंच. ऱ्हस्व-दीर्घाला तो जबाबदार, बाकी सगळ्याला मी.

तर गोष्ट अशी की २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मी सायकल घेतली. माउंटन बाइक, त्यातही हार्डटेल. स्वतःच्या पैशाने. आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं? सायकल तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांकडेही आहे. पण ज्याने कोणी बेताच्या पैशात चांगली सायकल शोधलीय त्याला माहीत आहे की यापेक्षा एम-थ्री सोडवणं सोपं. आणि आमच्या घरात तर हा प्रश्न फक्त पैशाचा नव्हताच.

खूळ डोक्यात शिरलं ते एस.ई.ला असताना. वर्गातल्या एका हॉस्टेलाइट मित्राकडे हार्डटेल होती. एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "घे, मार एक चक्कर." आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला होतो. डांबरी रस्ता सोडून मी मुरमाच्या वाटेवर गेले. दगड, गवत, बैलगाडीच्या चाकोऱ्या, डावीकडे पाणी. मला वाटलं आता पडणार. पण सायकल दगडावरून अशी गेली की जणू तिला विचारावंसंच वाटलं नाही! अर्ध्या तासाने परत आले तेव्हा मित्र चहाचे दोन कप पिऊन बसला होता आणि मी एकच वाक्य बोलले, "कितीला मिळते रे?"

उत्तर ऐकून चहा घशात अडकला. पण त्याच दिवसापासून साठवायला सुरुवात केली. नववीच्या दोन मुलींच्या ट्यूशनचे साठले आठ हजार. समर इंटर्नशिपचा स्टायपेंड महिना सहा, असे दोन महिन्यांचे बारा हजार. झाले वीस. मम्मीने भिशीतून दीड हजार टाकले, "पप्पांना सांगू नकोस" या अटीवर. एकूण २१,५००. इंजिनिअरिंगच्या पोरीच्या हातात एवढी कॅश म्हणजे मी स्वतःला अंबानीच समजत होते.

आणि मग एका रात्री जेवताना मी विषय काढला.

"वीस हजारांची सायकल?" पप्पांचा घास हातातच राहिला. "अगं, तेवढ्यात सेकंड हँड स्कूटर येते. मी थोडे घालतो, चांगली बघून देतो. कॉलेजला जायला-यायला सोय होईल."

"पण मला सायकलच हवीय."

"सायकल!" पप्पा एवढंच म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

हे समजायला पप्पांची सायकल माहीत पाहिजे. आमचे पप्पा सातपूर एमआयडीसीत फिटर आहेत, सव्वीस वर्षं झाली. आम्ही राहतो पंचवटीत. म्हणजे जायचे आठ किलोमीटर आणि यायचे आठ. ही सोळा किलोमीटर त्यांनी कितीतरी वर्षं काळ्या बावीस इंची अॅटलासवर काढली. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. पावसाळ्यात डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगावर कंपनीचा रेनकोट. त्यांच्यासाठी सायकल म्हणजे फिटनेस नाही, अॅडव्हेंचर नाही. ज्या दिवशी ती सुटली त्या दिवशी आपण एक पायरी वर चढलो असं मानणारा तो माणूस. आणि त्यांची मुलगी आता पैसे देऊन ती पायरी उतरायला निघालेली!

पण खरं कारण हे नाही. खरं कारण मला माहीत आहे, पप्पांना माहीत आहे, आणि आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

मी तिसरीत होते. पप्पांची सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते मला शाळेत सोडायचे, काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून. आमच्या शाळेच्या गेटवर गाड्यांची रांग असायची. पांढऱ्या, सिल्व्हर, एसीवाल्या. ड्रायव्हर दार उघडायचे. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "इज ही युवर ड्रायव्हर?" आणि बाकीच्या हसल्या. सायकलला ड्रायव्हर, हा जोक होता. दुसऱ्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, "मला इथेच सोडा." 'इथे' म्हणजे गेटच्या अलीकडच्या कोपऱ्यावर, झेरॉक्सच्या दुकानापाशी. पप्पांनी काही विचारलं नाही. त्यानंतर ते रोज तिथेच थांबायचे. मी सांगायच्या आधीच ब्रेक लागायचा.

त्याच दिवाळीत आमच्याकडे हप्त्यावर सेकंड हँड स्कूटर आली. काळी सायकल भंगारवाल्याने नेली. किती रुपयांना ते मला आठवत नाही, पण भंगारवाला तिला उलटी करून ढकलगाडीवर टाकत होता आणि तिचं मागचं चाक आपोआप फिरत होतं हे आठवतंय.

लॉकडाऊनमध्ये, ३ जून २०२० ला, अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. नेमका जागतिक सायकल दिन! पप्पांनी बातमी मोठ्याने वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. "चांगली सायकल होती," एवढंच म्हणाले. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. अशा वेळी मोबाइल बरा असतो.

असो. तर घरात शीतयुद्ध सुरू झालं आणि मी माझा अभ्यास सुरू केला. (सिलॅबसचा नाही.) तो इथे थोडक्यात देते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की सायकल घेणार आहे.

पहिला प्रश्न, हार्डटेल म्हणजे काय? पुढच्या फोर्कला सस्पेन्शन, मागे काही नाही. शेपूट कडक म्हणून हार्डटेल. दोन्हीकडे सस्पेन्शन असेल तर फुल सस्पेन्शन. मजा म्हणजे माउंटन बाइकची सुरुवात झाली तेव्हा कुठेच सस्पेन्शन नव्हतं. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाच्या भागात काही पोरं १९३०-४० च्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली रेस लावली. उताराला नाव पडलं 'रीपॅक', कारण पायडल उलटं मारून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक उतरताना इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब खोलून परत ग्रीस भरावं लागायचं. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवीन फ्रेम बनवली. गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही त्याच टोळीतली नावं. सस्पेन्शन फोर्क बाजारात यायला १९८९ उजाडलं. म्हणजे भंगारातल्या सायकलींपासून हा सगळा खेळ सुरू झाला! हे वाचलं तेव्हा मला ती ढकलगाडी आठवली.

दुसरा प्रश्न, कमी पैशात हार्डटेलच का? याला पण आधी मी फसतच होते. एका दुकानात लालभडक सायकल दिसली. दोन्हीकडे स्प्रिंग, एकवीस गिअर, डबल डिस्क, किंमत फक्त अकरा हजार! मला वाटलं लॉटरीच लागली. टोकन देऊनच टाकणार होते, पण एटीएम बंद होतं. (थँक गॉड.) घरी येऊन मम्मीला उत्साहात सांगत होते. पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच त्यांनी विचारलं, "उचलून बघितलीस?"

शीतयुद्धातलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी जाऊन उचलून बघितली. उचललीच नाही! आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुकानदाराने वजन सांगायचं टाळलं तेव्हाच समजलं. मागच्या सस्पेन्शनला पिव्होट लागतात, चांगला डँपर लागतो, आणि तो स्वस्तात येत नाही. मग स्वस्तातले लोक नुसती स्प्रिंग बसवतात. आपण टी.ई.ला शिकतो ना, मास-स्प्रिंग-डँपर? त्यातून डँपर काढून टाका. काय उरलं? झोपाळा. चढावर पायडल मारलं की निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात. म्हणजे त्या अकरा हजारांतले बरेचसे पैसे अशा स्प्रिंगवर गेलेले जी आपल्यालाच मागे खेचते. तेवढ्याच पैशात मागचं सस्पेन्शन सोडून दिलं तर फ्रेम, चाकं, गिअर, ब्रेक बरे मिळतात. हार्डटेलचं सगळं अर्थशास्त्र एवढंच आहे: जे चांगलं परवडत नाही ते घ्यायचंच नाही, आणि जे घ्यायचं ते धड घ्यायचं. (हे लग्नाच्या हॉलपासून मोबाइलपर्यंत कुठेही लागू पडतं.)

तिसरा प्रश्न मागच्या चाकाचा, आणि इथेच युद्धविराम झाला.

स्वस्त गिअरच्या सायकलमध्ये मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे दातेरी चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला. महागात कॅसेट असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, मग फरक काय? मी डायनिंग टेबलवर वहीत हबचं सेक्शन काढून बसले होते. एक्सल, दोन बेअरिंग, फ्रीव्हीलसाठी उजवीकडे सोडलेली जागा. पाणी प्यायला आलेले पप्पा मागे उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी चष्मा लावला.

"हे बेअरिंग इथे आत का काढलंस?"

"तिथेच असतं. बाहेर फ्रीव्हील बसतं ना."

"मग एवढा एक्सल मोकळा?" त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "लोड बाहेर, सपोर्ट आत. वाकणार हा. खड्ड्यात दणका बसला की इथून," आणि त्यांनी बरोबर त्या जागी फुली मारली. "बेअरिंग बाहेर पाहिजे. हे फिरतं भांडंच हबचा भाग करून टाकायचं आणि छर्रे पार शेवटाला न्यायचे."

मी बघतच राहिले. कारण कॅसेटच्या हबमध्ये नेमकं हेच केलेलं असतं! मी दोन रात्री वाचून, बेंडिंग मोमेंट डायग्राम काढून जिथे पोचले होते, तिथे पप्पा पाण्याचा ग्लास हातात धरून दोन मिनिटांत पोचले. त्यांनी एस.ओ.एम.चं पुस्तक उघडलेलं नाही. पण आठ किलोमीटर सायकल हातात धरून चालत घरी आलेत, मोडलेल्या एक्सलमुळे. "एकदा नाइटला जाताना अंबडच्या..." अशी गोष्ट सुरू झाली आणि रात्रीचे साडेअकरा वाजले. मम्मी मधेच येऊन लाइट बंद करून गेली, तरी आम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये बसलो होतो.

त्या रात्रीनंतर सायकल 'माझी' राहिली नाही, 'आपली' झाली. पप्पा कंपनीतून आले की, "काय, पुढे काय ठरलं?"

ठरलं ते असं. फ्रेम अॅल्युमिनियमची. फोर्क शंभर मिलिमीटरचा, साधा कॉइल स्प्रिंगचा, लॉकआऊट असलेला. हवेचा फोर्क चांगला, पण आपल्या बजेटच्या बाहेर, विषय संपला. ब्रेक डिस्क, पण वायरवाले. हायड्रॉलिक जास्त मऊ लागतात, पण त्यातली हवा काढायला प्रत्येक वेळी दुकान गाठा, आणि वायर काय, म्हसरूळच्या टपरीवरही मिळते. रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक सगळ्यात स्वस्त, पण पावसात रिम ओली आणि चिखलाने भरलेली असताना ते कसे लागतात ते पप्पांना विचारा.

गिअर पुढे तीन, मागे आठ. दुकानदार सांगतो "चोवीस गिअर", जणू चोवीस वेगवेगळ्या गोष्टी आहेत! मी सगळे रेशो काढले तर कितीतरी जवळजवळ सारखेच निघाले. आणि पुढचं सगळ्यात मोठं नि मागचं सगळ्यात मोठं एकत्र लावायचंच नसतं, चेन तिरकी चालते आणि झिजते. महत्त्वाचा असतो सगळ्यात हलका गिअर. पुढे २२ दाते, मागे ३२. साडेसत्तावीस इंची चाक धरलं तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दीड मीटर जाते. पप्पांना त्यांच्या काळ्या सायकलचे दाते पाठ होते: पुढे ४४, मागे १८. हिशोब केला तर एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर. म्हणजे चढावर त्यांना माझ्या तिपटीहून जास्त जोर लावायला लागत होता. कॅरिअरवर मी आणि माझं दप्तर ते वेगळंच. पप्पा आकडा बघून हसले, "म्हणूनच मांड्या अशा झाल्यात!" मला नाही हसू आलं.

आता दुकानं. नाशिकमध्ये सायकलींचं वेड आहे हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका टीम गटात पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. सुमारे ४,८०० किलोमीटर! पण एवढं असूनही मुलगी सायकल घ्यायला गेली की काय होतं? पहिल्या दुकानात मला पुढे बास्केट असलेली गुलाबी सायकल दाखवली. मी कॅसेट आहे का विचारलं तर त्याने माझ्याशी बोलणंच बंद केलं आणि पप्पांकडे बघून किंमत सांगायला लागला. पप्पा म्हणाले, "मला नका सांगू, इंजिनिअर ती आहे." (अजून व्हायचेय, चार बॅकलॉगचा धोका आहे, पण त्या क्षणी मी झाले!)

दुसऱ्या दुकानात सायकल पाहिजे तशी होती, पण एकोणीस इंची फ्रेम. "दोन हजार सूट देतो, सीट खाली घ्या, झालं." माझी उंची पाच फूट तीन इंच. दोन्ही पाय टेकवून उभी राहिले तर वरची नळी अशा जागी लागली की पुढचं लिहीत नाही. सीट खाली-वर होते, फ्रेम लहान होत नाही. चुकीच्या साइझवर दोन हजार सूट म्हणजे दोन हजारांचं पाठदुखीचं औषध. मित्रांनो, एवढं एक तरी लक्षात ठेवा: गिअर नंतर बदलता येतात, टायर बदलता येतात, पण फ्रेमचं माप चुकलं की सायकलच चुकली.

मधेच पप्पांनी ब्रेक लावला. "थांब दोन आठवडे. टॅक्स कमी होतोय." खरंच २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तिसऱ्या दुकानात जी सायकल मनात भरली होती तिचं १९,५०० चं लेबल १८,२८० झालं. पंधरा इंची फ्रेम, साडेसत्तावीसची चाकं, रंग करडा. लाल नाही. एव्हाना लाल रंगावरून माझा विश्वास उडाला होता.

आणि मग पप्पांचं इन्स्पेक्शन! दुकानदाराला वाटलं बाप-लेक पाच मिनिटांत पैसे देऊन जातील. पप्पांनी शर्टच्या बाह्या वर केल्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली, हँडलच्या बेअरिंगला ढिलाई आहे का बघायला. क्रँक धरून आडवा हलवला. चाक उचलून फिरवलं आणि डिस्क नि ब्रेकच्या फटीकडे एक डोळा मिटून बघत राहिले. मग दुकानदाराचा मोठा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, टोक मागच्या एक्सलच्या नटावर, मूठ कानाला, आणि चाक हळू फिरवायला सांगितलं. कंपनीत मशीनची बेअरिंग ऐकतात तसं. दुकानातले दोन पोरगे काम सोडून बघायला आले.

"बेअरिंग ठीक आहे. पण रिम आऊट आहे, डावीकडे, व्हॉल्वच्या पुढे चार-पाच तारांत."

(तर, आऊट म्हणजे चाक फिरताना लहरणं. तारा कमी-जास्त ओढून ते सरळ करतात, त्याला आऊट काढणं म्हणतात. माझ्या मराठीचंही असंच कुणीतरी आऊट काढायला हवं.)

दुकानदार आधी म्हणाला, "नवीन माल आहे काका, असं कसं होईल." मग स्वतःच चाक लावून बघितलं. गप्प बसून आऊट काढलं, आणि शेवटी म्हणाला, "काका, कुठे काम करता?" सतरा हजार आठशेला सौदा तुटला. मला वाटतं त्यातले काही रुपये स्क्रू ड्रायव्हरचे होते.

हिशोब देते, कामाला येईल. सायकल १७,८००. हेल्मेट १,२००. कुलूप ४५०, पंप ५००, पुढचा-मागचा लाइट ६००, पंक्चरचं सामान १५०, मडगार्ड ३५०. एकूण २१,०५०. म्हणजे तुमचं बजेट अठरा असेल तर सायकल पंधराचीच बघा, उरलेले तीन हजार जाणारच आहेत. उरले ४५०. त्यात तिघांनी मिसळ खाल्ली.

घरी आल्यावर मी चावी... चावी नसते, सवय. मी हँडल पप्पांच्या हातात दिलं. "पहिली चक्कर तुम्ही मारा."

"छे, मला कुठे जमतंय आता," म्हणत म्हणत त्यांनी चप्पल नीट केली आणि टांग टाकली. पुढे नळी आहे म्हणून मागून, पाय उंच फिरवून, जुन्या स्टाइलने. गल्लीच्या टोकापर्यंत सायकल थोडी डुगडुगत गेली. परत येताना त्यांनी एक गिअर टाकला असावा, कारण चेन कर्रकन वाजली आणि पप्पा ओरडले, "अरे, ही तर हलकी झाली!" वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मम्मी गॅलरीतून बघत होती. तिला दीड हजार वसूल झाल्यासारखं वाटलं असावं.

आता रविवारी सकाळी मी चामरलेणीच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर जाते. पडलेसुद्धा, दोनदा, गुडघा अजून सांगतो. फोर्क फार भारी नाही, मोठ्या दगडावर टण्णकन उसळतो. वजन साडेचौदा किलो आहे आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ते वीस होतं. तरी वाटेवर कुणाला विचारून जावं लागत नाही याची मजा वेगळीच आहे.

पण खरी गोष्ट डिसेंबरमधली. सबमिशनचा दिवस होता आणि नेमकी मी जर्नल घरी विसरले. मी त्या दिवशी बसने आले होते. घरी फोन केला. स्कूटर मेकॅनिककडे होती. पप्पांची सेकंड शिफ्ट. ते म्हणाले, "थांब, आलो."

वीस मिनिटांनी फोन वाजला. "आलोय. बाहेर ये."

मी पळत गेटवर गेले. पप्पा दिसेनात. इकडे-तिकडे बघितलं. आणि मग दिसले. गेटच्या अलीकडे, कोपऱ्यावर, चहाच्या टपरीपाशी. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. डोक्याला माझं हेल्मेट, पट्टा आखूड पडलेला. जर्नल शर्टाच्या आत, घामाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

गेटपर्यंतचा रस्ता मोकळा होता. तिथे थांबायचं काहीच कारण नव्हतं. एक सोडून.

मला पलीकडे जाऊन जर्नल घेऊन येता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. मी गेटवरूनच हात केला आणि ओरडले, "पप्पा, इथे या ना. गेटपर्यंत या!" माझ्याबरोबर वर्गातले सात-आठ जण होते. पप्पा क्षणभर थांबले. मग पायडल मारून आले. कोणीतरी म्हणालं, "काका, काय गिअरबाज आहे सायकल!" आणि पप्पा त्याला कॅसेट आणि फ्रीव्हीलमधला फरक समजावून सांगायला लागले. माझ्या सबमिशनला पाच मिनिटं उशीर झाला. सरांनी झापलं. झापू दे.

तेव्हाही मी सॉरी म्हणाले नाही. पप्पांशी मला एवढं मोठं बोलताच येत नाही, ना मराठीत, ना इंग्लिशमध्ये. पण आपलं हे मॅगझिन मी दरवर्षी घरी नेते, आणि पप्पा ते मागून पुढे वाचतात, मराठी विभाग आधी. म्हणून लिहिलंय.

पप्पा, तिसरीतल्या त्या कोपऱ्याबद्दल सॉरी. आणि आल्या रविवारी सायकल तुम्ही घ्या, मी स्कूटरवर मागून येते.

— टी. ई. (मेकॅनिकल)